अस्वलाचा अंगठा बाहेरच्या अंगाला

आमच्या कारपूलवाल्या काकांशी प्राण्यांच्या पावलांवरून वाद घालून आजवर कुणीही जिंकलेलं नाही. यात आमचे प्लँट मॅनेजर, गस्तीवरचा एक पोलीस, काकांची सख्खी मुलगी आणि जॉर्जियातला एक सहा फुटी गाइड एवढे सगळे आले. इंटरनॅशनल सिटीतून दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या आमच्या अ‍ॅल्युमिनियमच्या फॅक्टरीपर्यंत मी सात वर्षं त्यांच्या शेजारच्या सीटवर बसून गेले. मी क्वालिटीला, ते स्टोअरकीपर. त्यांचं मूळ गाव चंद्रपूरकडचं, जंगलाला टेकलेलं. सव्वीस वर्षं आखातात काढूनही बोलणं तिकडचंच राहिलेलं, फक्त मधूनमधून अरबांचं 'खलास' म्हणजे झालं आणि 'यल्ला' म्हणजे चला, एवढं पेरलेलं. ठेंगणी, टणक मूर्ती आणि चालताना मान कायम खाली. नव्या माणसाला वाटायचं, बिचाऱ्याला कसली तरी काळजी लागलीय. काळजी वगैरे काही नसे. ते जमीन वाचत असत.

स्टोअरच्या फरशीवर रोज वाळवंटातली बारीक धूळ येऊन बसते. झाडूवाला येण्याआधी काका तिच्यावरून नजर फिरवत आणि रात्रपाळीचा सगळा वृत्तांत सांगत. कोण आलं, कोण रेंगाळलं, कुणाच्या उजव्या बुटाची टाच झिजलीय. एकदा म्हणाले, "मांजर शिरली आहे. मागचा डावा पाय टेकत नाई." मॅनेजरनी पेस्ट कंट्रोलचं सर्टिफिकेट पुढे केलं, आमच्या प्लँटमध्ये मांजर असणं शक्यच नाही म्हणाले. काकांनी ते नीट वाचून परत दिलं आणि शांतपणे विचारलं, "पण सर, हे मांजरीनं वाचलं आहे का?" तिसऱ्या दिवशी पॅकिंगच्या फोमवर एक लंगडी मांजर ऐसपैस झोपलेली सापडली. मॅनेजर त्यानंतर काकांच्या दारावरून जाताना पाय जरा उचलून टाकत, असं निदान मला तरी वाटायचं.

हिवाळ्यात आम्ही घरून वीस मिनिटं लवकर निघायचो. कारण ट्रॅफिक नव्हे. वाटेत मोकळ्या वाळूचा एक पट्टा होता. त्याच्या कडेला गाडी थांबवून, हॅझर्ड लाइट लावून, काका इस्त्रीच्या पँटीत सरळ गुडघ्यांवर बसत. एका सकाळी ते असे बसलेले असताना गस्तीची गाडी मागे येऊन थांबली. तरुण अमिराती पोलीस उतरला. "व्हॉट प्रॉब्लेम?" काका वर न बघता म्हणाले, "नो प्रॉब्लेम सर. फॉक्स." पोलिसानं वाकून पाहिलं आणि म्हणाला, "कॅट." मी घाईनं पुढे झाले. कारण काकांना मी ओळखत होते. समोर पोलीस आहे, आपला व्हिसा आहे, लायसन्स आहे, यातलं काही त्यांच्या ध्यानात राहिलं नाही. "कॅट नहीं है, सर," ते हिंदीवर आले, "कॅट का नाखून चलते टाइम अंदर रहता है. ये देखो, चारों नाखून." पोलीस उकिडवा बसला. बराच वेळ बसला. मग अरबीत स्वतःशीच काहीतरी पुटपुटला, हसला, म्हणाला, "माय ग्रँडफादर आल्सो, सेम सेम. खलास, फॉक्स. यल्ला, गाडी निकालो." काका गाडीत बसून म्हणाले, "पोरगं शिकण्यासारखं आहे."

काकांची मुलगी अबू धाबीत, अल रीम आयलंडवर राहते, मोठ्या कंपनीत आहे. जन्म इथला, उत्तरं इंग्रजीत. तिनं एकदा काकांच्या फोनवर ठसे ओळखणारं अ‍ॅप टाकून दिलं. "बाबा, प्लीज. देअर इज अ‍ॅन अ‍ॅप फॉर धिस." काकांनी वाळूतल्या खोकडाच्या ठशाचा फोटो काढून अ‍ॅपला दाखवला. अ‍ॅप म्हणालं, पाळीव कुत्रा, एक्क्याण्णव टक्के. काकांनी तो पडदा मला दाखवला. "नऊ टक्के अक्कल तरी शिल्लक आहे न त्याच्यात," म्हणाले.

वाळूबद्दल त्यांची एकच तक्रार होती. नऊ वाजता वारा सुटतो आणि सगळं पुसून टाकतो. "अर्ध्या गोष्टीवरच पुस्तक मिटते, पोरी. बर्फात म्हणे ठसा चार-चार दिवस रायते." म्हणून मुलीनं आईबाबांना जानेवारीत जॉर्जियाची टूर घेऊन दिली, तेव्हा सोबत म्हणून मी आणि माझा नवरा पण गेलो. दुबईहून निघालेली बावीस माणसं, एक बस, आणि डोंगरातलं एक गेस्ट हाऊस, सूचिपर्णी झाडांच्या जंगलाला खेटून. पहिल्या दिवशी सगळे स्कीइंगला गेले. काकांनी अंगणातल्या बर्फात स्वतःचा एकच पाय रोवला, समोर खुर्ची टाकली, माकडटोपी घातली आणि दिवसभर आपल्याच ठशाकडे बघत बसले. दर तासाला घड्याळाचा पट्टा लावून मोजायचे. काकू लाजून खोलीतून बाहेर येईनात. संध्याकाळी काकांनी निष्कर्ष सांगितला, "उन्हानं पसरते. सकाळचा माझा पाय दुपारी पैलवानाचा झाला. बर्फ थापा मारते, पण एका रीतीनं मारते. रीत समजली की झालं."

तिसऱ्या दिवशी आम्हाला मुलांच्या घसरगाड्यांसाठी जंगलाच्या कडेच्या एका उतारावर नेलं. मुलं बसमधून सुटली, गाइड घसरगाड्या वाटायला लागला, आणि काका उताराच्या मध्यावर एकदम थांबले. समोरून ठशांची एक रांग आडवी जाऊन झाडीत शिरली होती. मला ती बुटांची वाटली. गाइडलाही. तो म्हणाला, "बूट्स. सन मेल्ट. बिग, बिग."

काका म्हणाले, "अस्वल."

मी भाषांतर केलं. बस हसली. गाइडनं प्रेमानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "विंटर, माय फ्रेंड. बेअर स्लीप."

"हमारे यहाँ का नहीं सोता," काका म्हणाले, आणि बस आणखी हसली. तेव्हा ते खाली बसले आणि बोटानं दाखवू लागले. "वितळून ठसा मोठा होते, कबूल. पण बुटाले बोटं फुटत नाईत. ही पाच. आता अंगठा बघ. माणसाचा अंगठा आतल्या अंगाले. याचं मोठं बोट बाहेरच्या अंगाले आहे. माह्या बानं मले हेच पहिलं शिकवलं."

बापाचं त्यांनी मला एकदाच सांगितलं होतं, एका सकाळी गाडीत, समोर बघत. बाप रोजंदारीवरचा वनमजूर होता. गावाच्या नाल्याजवळ त्यानं एकदा वाघिणीचा माग पाहिला आणि साहेबांना जाऊन सांगितलं. साहेब म्हणाले, कुत्रं असेल, लोकांना घाबरवू नको. बाप 'जी' म्हणाला आणि परत आला. दोन दिवसांनी मोहफुलं वेचायला गेलेली गावातली एक बाई त्याच नाल्यात मारली गेली. बापाला कुणी दोष दिला नाही. तो मात्र पुढे जगला तोवर तो 'जी' विसरला नाही.

म्हणून काका त्या उतारावर हात पसरून उभे राहिले तेव्हा मला हसू आलं नाही. "पोरं खाली जाणार नाईत," ते म्हणाले. एका मुलाचे वडील पुढे आले. "अंकल, आम्ही सुट्टी काढून आलोय. मुलं रडतायत. तुमचा हा हट्ट कशासाठी?" काकू पाठीमागून हळूच म्हणाल्या, "अहो, चला न आता. लोक हसून रायले." काका जागचे हलले नाहीत. "हसू दे. हसल्यानं कोणी मरत नाई." गाइडनं घड्याळ दाखवलं. वीस मिनिटं. तेवढ्यात काही दाखवलं नाही तर मुलं खाली जाणार. काकांनी मान डोलावली आणि ठशांच्या कडेकडेनं झाडीकडे निघाले. मागोमाग मी. मी काही धीट बाई नाही. पण सात वर्षं ज्यांच्या शेजारी बसले त्यांना एकटं जाऊ द्यायला मन होईना, आणि त्या वडिलांचं बोलणं मला फार लागलं होतं.

"माह्याच पावलात पाय टाक. बोलू नको," एवढंच ते म्हणाले. आत गेल्यावर बसचा गलका एकदम विझला. काका वाऱ्याची दिशा बघत चालत होते. एका ठिकाणी खालच्या फांद्या ताज्या मोडलेल्या होत्या, आणि तिथून पुढे ठशांच्या बाजूला बर्फावर ओढत नेल्याची रेघ होती. त्यांनी खुणेनं सांगितलं, अंथरुणासाठी नेल्यात. पन्नास-साठ पावलं झाली असतील. एक मोठं झाड मुळासकट उलथून पडलं होतं आणि त्याच्या मुळांवर बर्फ साचला होता. ठसे तिथे जात होते. परत येत नव्हते. काकांनी हात वर केला. मी जागीच थांबले. मुळांजवळच्या बर्फात मुठीएवढं भोक होतं, त्याची कड पिवळसर झालेली, आणि त्यातून अगदी बारीक वाफ येत होती. थांबत होती. पुन्हा येत होती.

आत कुणीतरी झोपलं होतं.

मी वळून पळायच्या बेतात होते. काकांनी मात्र त्या भोकाला हात जोडले. देवळातून निघताना पाठ दाखवत नाहीत तसे मागे मागे आले आणि मलाही तसंच आणलं. उतारावर पोचल्यावर त्यांनी गाइडला फक्त तीन शब्द सांगितले. "बेअर. स्लीप. करेक्ट."

गाइडचा चेहरा बदलला. त्यानं फोन लावला. तासाभरानं लोकरी टोपीतला एक म्हातारा वनरक्षक आला आणि काकांना घेऊन आत गेला. दोघांना एकमेकांच्या भाषेतलं एक अक्षर येत नव्हतं, पण परत आले ते शाळूसोबती असल्यासारखे, हातवारे करत. म्हाताऱ्यानं गाइडला सांगितलं ते असं, की वरच्या अंगाला रस्त्याच्या कामाची यंत्रं चालू झाली तेव्हा ही मादी जुनी गुहा सोडून निघाली असावी. मुलांचा गलका एवढ्या जवळ झाला असता तर ती पुन्हा उठली असती, आणि झोपेतून उठवलेली मादी काय करेल ते सांगता येत नाही. तो उतार तिथल्या तिथे बंद झाला. गाइडनं टोपी काढली. "सॉरी, माय फ्रेंड." मघाचे ते वडील काकांसाठी बसमधून चहा घेऊन आले.

आणि मग सगळ्यांनाच अस्वल बघायचं होतं. मोबाइल बाहेर आले. "अंकल, लांबून फक्त एक फोटो." काका चहाचा कप हातात धरून पुन्हा त्याच जागी आडवे उभे राहिले. "मघाशी नाईच म्हणत होते, आता दाखवा म्हणता. नाई दाखवत. खलास." बाकीची एकवीस माणसं होती. एकालाही त्यांनी पुढे सोडलं नाही. शेवटी बस दुसऱ्या उतारावर गेली.

मला वाटलं होतं, आता परतीच्या वाटेवर बढाया ऐकाव्या लागणार. तसं झालं नाही. काका खिडकीला टेकून बाहेरच्या बर्फाकडे बघत होते. माझ्याकडे वळून म्हणाले, "त्या म्हाताऱ्यानं मले हातानं काय दाखवलं, समजलं का तुले?" त्यांनी दोन्ही हातांचा पाळणा करून हलवला. "पोटुशी आहे ती. याच महिन्यात, बर्फाखालीच बाळंत होते." मग खिडकीकडे तोंड फिरवून म्हणाले, "बा असता तर त्याले सांगितलं असतं. या खेपेस ऐकलं म्हणून."

गेल्या वर्षी काकांची नोकरी संपली, व्हिसा संपला, आणि काकूंना घेऊन ते गावी गेले. तिथल्या जंगलात आता कॅमेरे लावलेत, काकांना कुणी काही विचारत नाही. तरी ते रोज पहाटे जातात. मी आता फॅक्टरीला बसनं जाते. या जानेवारीत एका दुपारी त्यांचा फोन आला. माझी, माझ्या नवऱ्याची चौकशी झाली, थंडीचं बोलून झालं. मग म्हणाले, "ती तिकडची बाळंत झाली असेल न? की यंदा खाडा?"

मी म्हटलं, "काका, तिकडून मला कोण कळवणार?"

"कळवू नये कोणी," ते म्हणाले. "कळायचं म्हणजे कोणाले तरी तिथं जाऊन पाहावं लागते. झोपू दे तिले. मी आपलं विचारलं."