कमानीखालचा धूर

"घाई कोणले शे?" कुणाला आहे घाई, एवढं म्हणून तो मिरचीच्या पोत्यावर मांडी घालून बसायचा. मी मिरचीचा व्यापारी, तो कोरीटचा शेतकरी. मी भावावरून ओरडायचो, तरातरा उठून जायचो, परत यायचो, तो तिथेच. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. शेवटी नमायचो मीच. पण एकदा दिलेला शब्द त्याने कधी फिरवला नाही.

गेल्या हिवाळ्यात आम्ही बाजारातली मंडळी बस ठरवून धडगावकडच्या एका जुन्या संस्थानिकाचा बंगला आणि बाग पाहायला गेलो. बाकीचे दिवाणखान्यातली झुंबरं पाहत होते. हा वांगी, जाळायला कापसाच्या पऱ्हाट्या आणि बसायला घोंगडी घेऊन भरताच्या तयारीला लागला. बागेत वारा फार, जाळ धरेना.

"कमानखाले आडोसा शे," म्हणत त्याने पऱ्हाट्या बागेच्या दारावरच्या कमानीकडे नेल्या.

"लवकर आटप, भूक लागली!" मी खेकसलो.

"घाई कोणले शे?"

धूर कमानीत चढला. वर कुणी पाहिलंच नव्हतं. तिथे सुपाएवढं आग्या मोहोळ लटकलं होतं.

आधी आवाज आला, लांब कुठे मोटार सुरू व्हावी तसा. मग तो माझ्या डोक्यावर होता. सगळे बसकडे पळाले, तोही. मी कोरड्या हौदात पडलो, गुडघा उचलेना. मानेवर, पापणीवर निखारे. ओरडायला तोंड उघडलं तर माशी आत.

तेवढ्यात अंगावर घोंगडी पडली. तो परत आला होता.

"हालू नको. गप पडी ऱ्हाय."

"तू बी मझार ये, आत!"

"दोन जण मावतीन का? कड उघडी पडी."

"ये रे बाबा, पाया पडतो तुझ्या!" मी आयुष्यात कुणाला इतकं विनवलं नव्हतं.

"मी येस ना भो. घाई कोणले शे?"

घोंगडीची कड तो माझ्या खांद्याशी दाबून धरत होता. त्याच्या बोटांचा दाब मला कळत होता. मी आतून बोलत राहिलो. थोडा वेळ तू घे, थोडा वेळ मी. त्याने कड आणखी घट्ट दाबली. मग बोटं सुटली आणि त्याचा हात जड झाला.

दवाखान्यातून तो परत आला नाही.

आता त्याचा मुलगा मिरची आणतो, उभ्या उभ्या भाव सांगतो. मी हो म्हणतो. घोंगडी माझ्याकडेच आहे. पंख्याची नुसती घरघर झाली तरी मी ती डोक्यावर ओढतो. आत अजून धुराचा वास आहे.

राग गेलेला नाही. येतो म्हणाला होता.