सर्जाचा सोमवार

आमच्याकडे सोमवारी बैलाला जू लावत नाहीत. महादेवाचा वार. पण अर्धं रान पेरायचं राहिलेलं आणि मातीतली ओल उडत चाललेली. उद्या पेरलं तर जोंधळा उगवेल याचा भरवसा नाही. तेवढ्यात मोकळा सोडलेला सर्जा चरत चरत तिफणीपाशीच जाऊन उभा राहिला.

"बघ, त्यालाच काम पाहिजे," आमचे मालक म्हणाले.

"मग त्यालाच विचारा. वार त्याचा आहे," मी म्हटलं.

मालकांनी जू उचललं. सर्जा सरळ खाली बसला नि रवंथ करू लागला.

जनावराला वार कळतो का, की पाठ दुखली एवढंच कळतं? मालक हसत त्याच्या शेजारी टेकले. भाकऱ्या थापायच्या होत्या, तरी मीही बसले. सोमवारी बसायची माझी ती पहिलीच वेळ.