लाखमोलाचं नाणं आणि तीन गोधड्या

बुधवार, १२ नोव्हेंबर. काम: थंडीच्या गोधड्या धुणे.

गोधड्या मशीनमध्ये घातल्या, हे अंघोळीला गेले आणि मी माझं लाखमोलाचं नाणं घेऊन बसले.

नाणं चार दिवसांपूर्वी सापडलं होतं. मोजा मशीनखाली गेला म्हणून झाडू घातला, तर मोजा आतच राहिला आणि पाच रुपये बाहेर आले. एका बाजूला बरोबर मधोमध गोल कडं, त्यात सहा रेघांची चांदणी. दुसरी बाजू सफाचट! मोबाइलवर एक गृहस्थ सांगत होते (तेही ओरडून), की टाकसाळीत चुकलेल्या नाण्याला लाखो रुपये मिळतात. एरवी असल्या व्हिडिओंवरून मी घरादाराला झापते.

"अगं, कुणीतरी घासलं असेल," हे म्हणाले.

"घासून चांदणी येते का?"

शेजारच्या थोरल्या जाऊबाईंना मी फक्त कानात सांगितलं. संध्याकाळी शिळफाट्यावरचा भाजीवाला म्हणाला, "ताई, नाण्याचा एक फोटो काढू?" शनिवारी कर्जतचा एक नाणीवाला बघायला येणार होता. त्याला जेवायलाच या म्हटलं होतं मी!

तर मी भिंगातून रेघा न्याहाळत होते. पॅसेजमध्ये मशीन धाडधाड करत होतं. चार दिवस ते नाचतच होतं. म्हटलं, म्हातारं झालं.

"अगं, दार उघडत नाही!" बाथरूममधून आवाज आला.

"जोर लावा!"

"लावला! बाहेर काय आहे?"

बाहेर मशीन होतं. नाचत नाचत येऊन बाथरूमचं दार आणि समोरची भिंत यांच्यामध्ये गच्च बसलेलं. पोटात पाणी प्यायलेल्या तीन गोधड्या!

"साजगावची बस चुकेल माझी! आणि टॉवेल बाहेरच राहिलाय!"

मी जाऊबाईंना हाक मारली. त्या पदर खोचूनच आल्या.

"भावजी, गप बसा आत, आमी हाय!" मग मला हळूच, "नाण्याचं काय ठरलं गं?"

"आधी ढकला!"

"लाख आलं की नवं मशीन घे. ह्याला कशाला जपतेस?"

दोघींनी एक कोपरा उचलला. मशीनच्या त्या पायाचं रबर कधीच झिजून गेलेलं, आतली लोखंडी चकती उघडी. तिच्यावर गोल कडं. कड्यात सहा रेघांची चांदणी.

मी खालच्या खरबरीत फरशीकडे पाहिलं. दुसरी बाजू सफाचट कशी झाली, तेही कळलं.

"अगं बया!" जाऊबाईंनी कोपरा सोडलाच. "फरशी उतरती हाय म्हणून बसवणाऱ्यानं पायाखाली नाणं घातलेलं! तू दुकानात गेलेलीस, मीच दिलं त्याला. म्हंजे लाख माझं हाय गं!"

"लाख कुणाचेही असोत," आतून आवाज आला, "मला टॉवेल द्या!"

हे बाहेर आले तेव्हा बस गेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाणीवाल्याला येऊ नका म्हणून कळवलं, जाऊबाईंच्या हातावर दुसरे पाच रुपये ठेवले आणि ते नाणं पुन्हा पायाखाली सरकवलं. मशीन जागचं हललं नाही. लाखमोलाचं नाणं पायाखाली घालून गोधड्या धुणारी खालापूर तालुक्यात मी एकटीच!