कुकरात शिजवलेली प्लेट

"गिऱ्हाइकाच्या शेवभाजीत प्लेटचा टवका निघाला, सर! पुढचा लॉट असाच आला तर ऑर्डर बंद. बिलकुल बंद!"

हे शेटजी. जालन्यात त्यांचं हॉटेल आहे. भोकरदनजवळच्या खेड्यात सुनीताबाई हाताने प्लेटा घडवतात. त्यांची ही पहिली मोठी ऑर्डर. मी सिरॅमिक कारखान्याच्या लॅबमधून रिटायर झालेलो, म्हणून हे झेंगट माझ्या गळ्यात.

"मी पैल्यापासून सांगून राह्यलो, माठ करा," सुनीताबाईंचे सासरे म्हणाले. "ती विजेची भट्टी टाका इकून."

भट्टी सुनीताबाईंनीच हट्टाने आणली होती.

सगळे ग्लेजला शिव्या देत होते. ग्लेज म्हणजे भांड्यावर भाजून बसवलेला काचेचा थर. मला काही ते पटेना. ग्लेज बिघडलं तर बहुतेक वेळा भट्टी उघडतानाच दिसतं. ह्या प्लेटा छान निघाल्या आणि आठ दिवसांनी त्यांचे टवके उडाले. मी भिंग लावलं. प्रत्येक खड्ड्याच्या तळाशी पांढरा ठिपका होता.

चुना! मातीत चुनखडीचा खडा राहिला की भट्टीत तो भाजून कळीचा चुना होतो. मग हवेतला ओलावा पिऊन फुगतो आणि वरचं ग्लेज उडवतो.

"माती कुठली?"

"तळ्याचीच, सर. मामांच्या आज्यापासून तीच हाय."

"मग माठांचे टवके का उडत नाहीत? माती गाळता कशी?"

"आता गाळत न्हाई. पेंडीच्या गिरणीतून दळून आणते. जल्दी होतं."

मला हसूच फुटलं. सासरे माती हौदात भिजवून जुन्या लुगड्यातून गाळायचे; खडे वरच राहायचे. गिरणीने त्याच खड्यांच्या कण्या करून मातीत कालवल्या होत्या. दळलेल्या मातीवर मी संडास धुवायचं ॲसिड टाकलं. ती फसफसली; चुनखडीच ती.

सासऱ्यांनी ते जुनं लुगडं शोधून आणलं.

गाळलेल्या मातीचा नवा लॉट निघाला, तेव्हा शेटजी हजर. "आठ दिवस थांबणार न्हाई मी."

"थांबू नका. सुनीताबाई, मोठा कुकर काढा."

हवा आठ दिवसांत करते ते काम दाबाची वाफ तासाभरात करते. जुन्या लॉटमधली एक न फुटलेली प्लेट आणि एक नवी, दोन्ही कुकरात ठेवल्या. शिट्ट्या शेटजींनी जातीने मोजल्या.

झाकण काढलं. जुनी प्लेट देवी आल्यासारखी खड्ड्यांनी भरली होती. नवी लख्ख! सुनीताबाईंनी ती पदराने पुसली आणि रडायलाच लागल्या. चाळीस वर्षांच्या नोकरीत मला एवढा आनंद झाला नव्हता.

शेटजींनी प्लेट उलटीसुलटी केली. "बराबर हाय. ह्याच्या डबल पाठवा."

यंत्राने वेळ वाचवला की कोणतं काम गाळून वाचवला तेवढं बघावं. मी हे सासऱ्यांना ऐकवणार होतो, पण त्यांचं लक्षच नव्हतं. ते सुनेला विचारत होते, "डबल म्हन्ल्यावर एका लुगड्यात भागंन का गं?"