तीनदा पाठवलेला मेल

"मेल टाकलाय. पोचला का, तेवरा बगा."

मेल पाठवून झाला की काका खुर्चीतून उठत आणि ज्याला पाठवला त्याच्या टेबलापाशी येऊन उभे राहत. तुमच्याही ऑफिसात असा एखादा असेल. आमचे काका पालेगावचे. अंबरनाथच्या केमिकल कंपनीत आवक-जावक सांभाळायचे. मी तिथला कॉम्प्युटरवाला.

पत्राच्या तीन प्रती काढायच्या, हा त्यांचा तीस वर्षांचा शिरस्ता. एक साहेबाला, एक फाईलला, एक हाताशी. मेल आला तेव्हा त्यांनी त्यालाही हाच नियम लावला. प्रत्येक मेल तीनदा. वर इंग्रजी कॅपिटलमध्ये तीन वेळा 'अर्जंट', मागे उद्गारचिन्हांची रांग, आत मजकूर लाल. उद्या पाण्याची टाकी धुणार, हेसुद्धा अर्जंट. "पयला हरवला तं दुसरा हाय ना," असं त्यांचं म्हणणं.

आम्हाला वैताग यायचा. पण तोंडावर सांगणार कोण? पावसाळ्यात घरची करटोली आणून सगळ्यांना वाटणारा माणूस. मग आम्ही सोपा मार्ग काढला. मेलवर 'जंक' नावाचं बटण असतं. ते दाबलं की मेल नजरेआड. सगळेच दाबायचे, मीही दाबायचो. काका टेबलापाशी आले की मान वर न करता म्हणायचं, "पोचला, काका." ते खूश होऊन जायचे.

यात काय बिघडलं, असं तुम्हाला वाटेल. पण ते बटण नुसतं मेल लपवून थांबत नाही. एकाच माणसाचे मेल सगळे कचऱ्यात टाकतात, हे कंपनीचा सर्व्हर बघत असतो. हळूहळू तो स्वतःच त्या माणसाचे मेल बाजूला टाकायला लागतो. सगळ्यांकडे जाणारे, कामाचेही. बाकीच्यांना हे ठाऊक नव्हतं. मला होतं. माझं कामच ते.

मग कंपनी गुजरातला निघाली. बदलापूरला फक्त एक गोदाम राहणार होतं आणि तिथे चार जागा. ज्याला हवी त्याने शुक्रवारपर्यंत मुंबईच्या हेड ऑफिसला मेल करायचा. काकूंचं आठवड्यातून दोनदा उल्हासनगरला, कॅम्प दोनमधल्या सेंटरमध्ये, डायलिसिस चालू होतं. काका गुजरातला जाणार कसे?

मंगळवारीच त्यांनी अर्ज पाठवला. प्रत मलाही होती. नेहमीसारखे येऊन उभे राहिले.

"पोचला का, साहेब? नायतं उद्या मुंबईला जाऊन हातात देतो."

"पोचला, काका. कशाला हेलपाटा घालता?"

मी बघितलं नव्हतं.

सोमवारी यादी लागली. काकांचं नाव नव्हतं. मी हेड ऑफिसला फोन लावला. तिथल्या बाई भल्या होत्या. माझ्या सांगण्यावरून त्यांनी जंकमध्ये पाहिलं. तिन्ही मेल एकाखाली एक पडलेले.

"मंगळवारचेच आहेत हो," त्या म्हणाल्या. "पण यादीवर मोठ्या साहेबांची सही झालीय. चारही जागा भरल्या. आता मी काय करू?"

मी आमच्या मॅनेजरांकडे गेलो, हातापाया पडलो, वेळेचा पुरावा छापून दिला. सर्व्हरचं सेटिंग पाच मिनिटांत दुरुस्त झालं. यादी मात्र बदलली नाही.

काका रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. "मशीनचा काय भरवसा," एवढंच म्हणाले. आणि मी निर्लज्जपणे मान डोलावली. महिनाअखेरीस त्यांनी राजीनामा दिला.

काही दिवसांनी मी त्या डायलिसिस सेंटरला गेलो. खरं काय ते सांगून टाकायचं, असं ठरवूनच गेलो. काका बाहेर बाकावर बसले होते. मला बघून उठले, हाताला धरून आत घेऊन गेले.

"अगो, आपलं साहेब आलंन. माझ्यासाठी लय धावपल केली यांनी."

काकूंच्या एका हाताला नळ्या होत्या. दुसरा त्यांनी कपाळाला लावून मला नमस्कार केला.

मी अर्धा तास बसलो. तब्येतीची चौकशी केली, काकांनी मागवलेला चहा प्यायलो. ते जिन्यापर्यंत सोडायला आले, तेव्हाही माझ्या ओठांवर ते आलं होतं.

"सांभालून जावा," काका म्हणाले.

मी "हो" म्हटलं आणि जिना उतरलो. त्यानंतर मी त्यांच्यासमोर गेलेलो नाही.