माळावरचं पांढरं विमान

पोलादपूरच्या अलीकडे माळावर गर्दी दिसली म्हणून मी गाडी थांबवली, आणि पाहतो तर मधोमध छोटंसं पांढरं विमान! साठीतल्या एका बाईंनी ते घरामागच्या शेडमध्ये स्वतः बांधलं होतं. मुंबईत विमानं दुरुस्त करण्यातच त्यांची नोकरी झाली होती. उडवायची परवानगी अजून यायची होती. आज ते फक्त जमिनीवर पळवायचं होतं.

इंजिन धडधडलं, लोक ओरडले, आणि बाईंनी ते एकदम बंद केलं. काल ब्रेक बदलला होता, पण दुरुस्तीच्या वहीत त्याची नोंद नव्हती, हे त्यांना आत्ता आठवलं.

“मावशी, मागाहून लिवा की!” कुणीतरी ओरडलं.

“लिवलं नाय, म्हंजे नट आवळला का नाय ते माझं मलाच म्हाईत नाय,” म्हणत त्या उतरल्या. पदर खोचून चाकाशी बसल्या आणि एकेका नटाला पाना लावू लागल्या. एक नट चक्क फिरला! तो आवळून, नोंद करून, सही ठोकूनच त्या पुन्हा आत चढल्या.

मग विमान सुसाट सुटलं. शेपटीचं चाक जमिनीवरून वर आलं, तसे आम्ही सगळे मागे धावत सुटलो. माळाच्या टोकाला बाई काच सरकवून हसत ओरडत होत्या,

“उडनार रे, हे उडनार!”