उजवीकडची खाच

सोलापुरातून अक्कलकोट रस्त्याला लागलं, की घरं विरळ होतात आणि बाभळी दाट होत जातात. तिथंच एका लिंबाखाली पत्र्याचं शेड आहे. दारावर पाटी आहे : जगदेवी आर्गन वेल्डिंग. ही पाटी रंगवायला आलेल्या माणसानं ब्रश डब्यात बुडवून विचारलं होतं, "मालकाचं नाव काय टाकायचं, ताई?"

"टाकलंय की तुमी."

"हे तर तुमचं झालं. मालकाचं?"

"रंग वाळू दे. मग परत एकदा वाचा," जगदेवी म्हणाली.

जगदेवी आमच्या गावची. बोरी नदीच्या काठचं आमचं गाव; घरात मराठी, बाजारात कानडी आणि भांडणात दोन्ही बोलणारं. ती धनगराच्या घरची. तिच्या वडिलांचं नाव बिरुदेव, पण सगळं गाव त्यांना आप्पाच म्हणतं. आप्पांची मेंढरं माळावर उतरली की लांबून वाटायचं, माळच हळूहळू सरकतोय.

आमच्याकडं प्रत्येक घराच्या मेंढरांना एक खूण असते. कोकरू जरा धडधाकट झालं की त्याच्या कानाला चाकूनं लहानशी खाच द्यायची, वर हळद दाबायची. कुणाची खाच कानाच्या वरच्या अंगाला, कुणाची खालच्या, कुणाच्या दोन. आप्पांच्या घरची खूण म्हणजे डाव्या कानाला, खालच्या अंगाला, एकच खाच. चार कळप एका पाणवठ्यावर मिसळले तरी आप्पा नुसती बोटं फिरवून आपलं जनावर वेगळं काढायचे. मेंढरू मेलं, चोरीला गेलं, दुसऱ्याच्या पिकात शिरलं, तरी खूण बोलायची. चांगल्याला आपली, वाइटालाही आपली.

भावाभावांत वाटणी झाली की थोरला जुनी खूण ठेवतो आणि वेगळा होणारा जागा बदलून घेतो. आप्पांचा धाकटा भाऊ रामहरी वेगळा झाला, तेव्हा त्यानं खाच वरच्या अंगाला नेली. एवढ्यावर सगळं गाव समजून गेलं. कागद कुणी केला नाही.

मुलीला मात्र खूण नसते. आंदण दिलेल्या शेळ्यामेंढ्यांच्या कानाला सासरी गेल्यावर सासरची खूण पडते. जगदेवी लहानपणी कोकरं मांडीत घट्ट धरायची, आप्पा खाच द्यायचे. धरायचं काम तिचं. चाकू कधी तिच्या हातात आला नाही. पुढं धाकटा भाऊ बाळासो मोठा झाला, तेव्हा चाकू त्याच्याकडं गेला आणि धरायला तरीही तीच.

तिचं लग्न झालं, ते टिकलं नाही. सासरची खूण सासरी राहिली. माहेरी परत आली, पण भावाच्या दाराला भार नको म्हणून ती चिंचोळी एमआयडीसीत झाडायच्या कामाला लागली. तो कारखाना दुधाच्या स्टीलच्या टाक्या बनवायचा. झाडता झाडता ती आर्गन वायूतल्या वेल्डिंगची निळी ज्योत बघत उभी राहायची. एकदा मुकादमानं हटकलं, "बाई, डोळं जातील. आनी हे काम बाईच्या हाताचं न्हाय. हात थरथरतो."

"कोकरू धरून बघा एकदा," ती म्हणाली, "मग सांगा कुनाचा हात थरथरतो ते."

मुकादम हसला. पण दुपारच्या सुट्टीत भंगारातल्या तुकड्यांवर ती हात बसवत राहिली आणि त्यानं बघून न बघितल्यासारखं केलं. शिकली ती तशी. पुढं तिचा जोड बघायला लोक वाकायला लागले : नाण्यांची चळत जरा सरकवून निजवावी तशी एकावर एक बसलेली बारीक वळी. मग तिनं स्वतःचं शेड टाकलं. मोटारसायकलींचे सायलेन्सर, ट्रॅक्टरचे पाइप, हॉटेलांची भांडी. आणि एक दिवस ती लाल गाडी आली.

गाडी अभिमन्यूची. शुक्रवार पेठेत त्यांचं कापडाचं दुकान आहे. पोरगा तसा भला, पण गाडीचा नाद भारी. दोन दारांची, जमिनीला पोट लावून चालणारी स्पोर्ट्स कार त्यानं पुण्याहून जुनी आणली होती. लिंबाखाली ती उभी राहिली तेव्हा रस्त्यानं जाणाऱ्या एसटीतल्या माना एकदम वळल्या.

"ताई, हिचा मॅनिफोल्ड बदलायचाय," तो म्हणाला. "ओरिजिनल फार चोक होतो."

मॅनिफोल्ड म्हणजे इंजिनाच्या अंगाला बसणारा पाइपांचा पंजा. इंजिनाला चार तोंडं, त्या चारी तोंडांतून धूर निघतो आणि पंजा तो गोळा करून मागच्या सायलेन्सरकडं धाडतो. गाडीचा मूळ पंजा बीडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा होता, आखूड आणि ओबडधोबड. जगदेवीनं त्यात बोट घालून पाहिलं.

"वाघर माहितीये का, दादा? मेंढरं कोंडायची जाळी?"

"ऐकलंय."

"वाघरीचं तोंड अरुंद ठेवलं की मेंढरं एकमेकांच्या अंगावर चढतात. एकबी धड भाईर पडत न्हाय. तुमच्या धुराचं तेच झालंय. चारीला चार लांब वाटा द्यायच्या, सारख्या, आनी लांब जाऊन एक करायच्या."

तिनं ते काम जिवापाड केलं. जाड तारेचे तुकडे वाकवून आधी वाटा आखल्या, मग स्टीलचे पाइप कापून वळवले. चारी वाटा सारख्या झाल्या का हे बघायला तिनं एका पाइपात ज्वारी भरली, ती पातेल्यात ओतली आणि तीच ज्वारी दुसऱ्यात भरली. एकाला मूठभर कमी पडली. पाइप पुन्हा कापला. जोड आतून काळा पडू नये म्हणून पाइपात आर्गन कोंडून ठेवावा लागतो. त्यासाठी दोन्ही टोकांना ती कणकेचे गोळे दाबायची. शेडमध्ये तेव्हा गरम लोखंडाचा आणि भाजल्या कणकेचा असा दोन्हींचा वास असायचा.

हे सगळं सुरू करायच्याही आधी, चारी पाइप ज्या जाड पट्टीवर उभे राहतात ती पट्टी टेबलावर पालथी पडलेली असताना, जगदेवीनं एक गोष्ट केली. पट्टीच्या खालच्या कडेला, डाव्या टोकाशी, कानशीनं एक खाच घेतली. बोटाच्या पेराएवढीसुद्धा नाही. धूर अडवणाऱ्या भागापासून दूर, कुणाला न टोचणारी. तिला कुणी सांगितलं नव्हतं. हात आपोआप तिकडं गेला, असं ती नंतर म्हणाली. मला ते पटत नाही. हात एवढा जुना हिशेब आपोआप करत नाही.

पंजा बसला. अभिमन्यूनं किल्ली फिरवली. आवाज वाढला नव्हता, मोकळा झाला होता. आधी गाडी पडसं झाल्यासारखी बोलायची. आता ढोलाचं कातडं उन्हात तापवून ताणल्यावर पहिली थाप पडते तसा तो घुमला. अभिमन्यूचे डोळे भरले. त्यानं मोबाइल काढला आणि फोटो घ्यायला बॉनेटखाली वाकला.

"ताई, हा कट कसला?"

"खूण हाय ती. आमच्या घरची."

"डिफेक्ट वाटतो हो. भरून टाका. नाहीतर असं करा," त्यानं खिशातून एक चकचकीत पट्टी काढली. त्यावर कुठल्याशा परदेशी कंपनीचं नाव होतं. "ही त्यावर ठोका. मी ऑनलाइन मागवलीय. आमच्या गाड्यांच्या ग्रुपवर मी सांगून बसलोय, की इम्पोर्टेड मॅनिफोल्ड येतोय म्हणून."

"मेंढरू आमचं आनी खूण दुसऱ्याची?"

"तुम्हाला काय फरक पडतो? काम तर तुमचंच राहतंय."

"चोर बी तसंच म्हनतो, दादा. मेंढरू तर मेंढरूच राहतंय."

दोघं हट्टाला पेटले. शेवटी तो म्हणाला, "मग जुनंच बसवा." त्याला वाटलं, बाई नरमेल. जगदेवीनं पाना उचलला, पंजा निवू दिला, काढला, जुना बीडाचा नवं पॅकिंग घालून नीट बसवला आणि बॉनेट हळूच लावलं. लाल गाडी पडसं झालेल्या आवाजात निघून गेली. तो पंजा दुसऱ्या कुठल्या गाडीला बसणारा नव्हता. जगदेवीनं तो दाराजवळच्या खिळ्याला, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा टांगला.

त्याचा फोटो तिनं कौतुकानं बाळासोला पाठवला. लगेच फोन आला.

"अक्का, ती खूण माझी हाय."

"आपली हाय."

"तुझी कशी? तू कुटल्या मेंढरांमागं हिंडतीस? मी लोकांस्नी काय सांगू, बहिनीनं खूण लोखंडावर मारली म्हनून? घासून काढ. न्हायतर आप्पांस्नी धाडतो."

आणि त्यानं खरंच धाडलं. आप्पा एसटीतून उतरले ते खांद्यावर घोंगडी टाकून, भर उन्हात. पाणी प्याले नाहीत. सरळ खिळ्यापाशी गेले, पंजा उतरवून मांडीवर घेतला, आजारी जनावराचं अंग चाचपावं तसे चारी पाइपांवरून हात फिरवत खाली आले. खाचेवर अंगठा थांबला. जगदेवी शेजारी उभी. मुलीला खूण नसते, एवढंच ते म्हणणार, असं तिनं धरून ठेवलं होतं.

"जगे," आप्पा म्हणाले, "उलटी हाय ही."

"काय?"

"आपली डावी. ही उजवी झाली. बघ की डोळं उघडून."

तिनं पाहिलं. खरंच. पट्टी पालथी ठेवून तिनं खाच घेतली होती. उलट बाजूनं पाइप उभे राहिले आणि डावं ते उजवं झालं. इतके दिवस ती खिळ्यावर लटकली होती आणि तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. तिचा चेहरा उतरला. सगळ्या जगाशी भांडून ठेवलेली खूण, आणि तीच चुकीची.

"भरते," ती पुटपुटली. "भरून दुसरीकडं घेते."

तिनं पंजा टेबलावर ठेवला, मुखवटा ओढला, वेल्डिंगची टॉर्च हातात घेतली. निळी ज्योत अजून पडायची होती, तोच बाहेर ओळखीचा आवाज थांबला. अभिमन्यू दारात आला. जुन्या आवाजाची गाडी चालवणं त्याला होईना झालं होतं, हे त्याच्या तोंडावरच लिहिलं होतं. त्यानं टॉर्च पाहिली, टॉर्चचं टोक कुठं आहे ते पाहिलं आणि त्याचा चेहरा खुलला.

"हां! भरताय ना? मी म्हटलंच होतं, ताई समजून घेतील."

जगदेवीनं मुखवटा वर केला. त्याच्याकडं पाहिलं. मग आप्पांकडं. मग टॉर्च खाली ठेवून दिली.

"न्हाय भरत."

"अगं पर उलटी हाय," आप्पा म्हणाले.

"उलटी न्हाय, आप्पा. उजवी हाय. तुमची डावी, बाळासोची डावी. ही माझी."

आप्पांनी खाच पुन्हा अंगठ्यानं चाचपली. लिंबावर कावळा बसला, उडाला.

"म्हंजी वाटनी मागतीस तू."

"मागत न्हाय. घेतली."

"बाळासो कावंल."

"कावू दे. रामहरी काकानं घेतली तवा तुमी बी कावला व्हता की. मेलं का कुनी?"

आप्पांच्या मिशा हलल्या. हसू होतं की राग, ते मी सांगू शकत नाही. मला हे सगळं जगदेवीनं सांगितलं आणि तिलाही तेव्हा कळलं नाही.

अभिमन्यू मध्येच म्हणाला, "कसली वाटणी? मला काही कळेना. माझ्या गाडीचं काय?"

"तुमची गाडी तुमचीच. पंजा लावायचा तर खाचेसकट, न्हायतर खिळ्याला बरा हाय."

"ग्रुपमधले हसतील, ताई."

"हसू देत."

"आणि उद्या तडकला तर?"

"तडकला तर खूण बघून माझ्या दारात आनायचा. मी न्हाय म्हनले तरी खूण म्हनू देनार न्हाय. तुमच्या त्या पट्टीवाल्याच्या दारात जायला इमानात बसावं लागंल."

आप्पांनी त्याच्याकडं वळून विचारलं, "कुनाचा रं तू?"

"शुक्रवार पेठेतला."

"दुकानावर बापाचं नाव हाय का दुसऱ्याचं?"

अभिमन्यू गाडीपाशी गेला. गाडीला टेकून तो नखं बघत उभा राहिला. मग म्हणाला, "लावा." चकचकीत पट्टी त्यानं खिशातून काढली नाही, पण फेकूनही दिली नाही. ग्रुपवर त्यानं काय सांगितलं, ते कुणाला ठाऊक नाही. त्या ग्रुपमधल्या दोन गाड्या नंतर लिंबाखाली येऊन गेल्या, एवढं मी पाहिलं आहे.

गाडी सुरू झाली तेव्हा आप्पांनी, कानानं कमी ऐकू येतं म्हणून, तळवा तिच्या लाल अंगावर ठेवला. बराच वेळ ठेवला.

पुढच्या खेपेला ते आले ते घोंगडीत एक कोकरू गुंडाळून. एसटीच्या कंडक्टरशी त्यावरून भांडण झालं होतं, त्यात ते जिंकले होते. कोकराचे दोन्ही कान कोरे होते. बाळासो दोन दिवस जेवला नाही, असं आप्पांनी सांगितलं, आणि तिसऱ्या दिवशी जेवला, असंही.

शेडच्या दारात ते मांडी घालून बसले. कोकरू मांडीत घट्ट धरलं. मग कमरेचा चाकू काढून, मूठ पुढं करून, जगदेवीपुढं धरला.

"मी धरतो," आप्पा म्हणाले. "हात हालवू नगंस."

तिचा हात हलला नाही. उजव्या कानाला, खालच्या अंगाला, एकच खाच. वर हळद.

त्या कोकराची आता मेंढी झालीय आणि ती शेडच्या सावलीत बांधलेली असते. जगदेवीच्या हातून जाणाऱ्या प्रत्येक पाइपाला उजवीकडं तीच खाच असते. आर्गनचं काम संपलं, की पाइपातून निघालेले कणकेचे गोळे ती मेंढीपुढं टाकते आणि मेंढी ते खाताना उजवा कान सारखा हलवत राहते.